येशूच्या काळावरच्या कादंबऱ्यांत परुशी नेहमी व्हिलनच का?

वसईचा_पुस्तककिडा
नमस्कार मंडळी. आमच्या चर्चच्या वाचन ग्रुपमध्ये सध्या येशूच्या काळातल्या एका ज्यू कुटुंबावरची जाडजूड कादंबरी चाललीय, लिहिणारा ख्रिस्तीच. गोष्ट पकड घेते, वल्हांडणाला (मिसरमधून सुटकेचा ज्यू सण) यरुशलेममध्ये उसळलेली गर्दी वगैरे झकास, पण अर्धं पुस्तक झालं तरी एक परुशी (मोशेचं नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या ज्यू पंथातला) धड माणूस निघेना, जो तो दाढी कुरवाळत कट करतोय आणि चांगले ज्यू म्हणजे जे शेवटी येशूच्या मागे जाणार तेवढेच. उपवासकाळात ऐकलेली प्रवचनं आठवली की वाटतं असेलही तसंच, पण अलिबागला असताना आमच्या शेजारी बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंचं, कुटुंब होतं, त्यांची आठवण झाली की वाचताना अवघडायला होतं. तुम्ही अशी पुस्तकं कशी वाचता? की सरळ मिटून ठेवू?

किनारपट्टी
कादंबरी आहे हो, एवढा कीस कशाला पाडायचा. आवडली तर वाचा नायतर द्या परत.

कोर्लईचा_मास्तर
मिटू नका, पण बायबलातलं शुभवर्तमान शेजारी उघडं ठेवा. लूक १३:३१ बघा, हेरोद तुला मारायला टपलाय, निघ इथून, हे येशूला सांगायला कोण येतं? परुशीच. कृत्ये ५ मध्ये प्रेषितांच्या, म्हणजे येशूच्या शिष्यांच्या, जिवावर बेतलेलं असताना भर सभेत ‘यांना जाऊ द्या’ म्हणणारा गमलिएल परुशीच, आणि पौल तर ख्रिस्ती झाल्यावरही कृत्ये २३ मध्ये ‘मी परुशी आहे’ असं ठणकावून सांगतो. मार्कचे १४-१५ अध्याय काढा, अटकेपासून क्रुसापर्यंत मुख्य याजक आहेत, शास्त्री आहेत, वडील आहेत, परुश्यांचं नावसुद्धा नाही. मुख्य याजक कयफा आणि रोमन सुभेदार पिलात यांचं मंदिराभोवतीचं राजकारण वेगळं आणि रोजच्या जगण्यात नियमशास्त्र कसं पाळायचं यावर वाद घालणारे परुशी वेगळे, पण कादंबरीवाल्याला एकच खलनायक सोयीचा पडतो.

माझी परीक्षा वेगळीच असते, मी घरातली भांडी बघतो. योहान २ मध्ये कानाच्या लग्नात सहा रांजण आहेत ते दगडीच का? मातीचं भांडं अशुद्ध झालं तर लेवीय ११ प्रमाणे फोडून टाकायचं, दगडाला मात्र अशुद्धता लागत नाही असं मानत, आणि त्या काळची दगडी भांडी यरुशलेमात, गालीलात उत्खननात खूप सापडलीत. आता हे लिहिताना लेखक ‘बिचारे नियमांच्या ओझ्याखाली दबलेले’ म्हणून मोकळा होतो की तो रांजण भरणाऱ्या बाईला त्यात काय वाटत होतं ते दाखवतो, तेवढ्यावर मी ठरवतो पुढे वाचायचं की नाही.

नवगाव_ते_लोद
मी बेने इस्रायली, मूळ अलिबागकडचा, आता इस्रायलात. मास्तरांचं पटलं, पण आमची तक्रार व्हिलनची नाहीच. तुमच्या कादंबऱ्यांत येशू आला की आमचं काम संपतं, मग इ. स. ७० मध्ये रोमन येऊन मंदिर पाडतात आणि समाप्त. अहो, त्याच परुशी वळणाच्या रब्बींनी, म्हणजे धर्मगुरूंनी, पुढे मंदिराशिवाय धर्म उभा केला, साधारण २०० च्या सुमारास मिश्ना (रब्बींच्या तोंडी नियमांचा संग्रह) संकलित झाली, ते कुठल्या प्रकरणात? दुसरं म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनात आजच्या सेदरचं, म्हणजे वल्हांडणाच्या रात्रीच्या जेवणाचं, अख्खं ताट मांडतात. मंदिर होतं तेव्हा कोकरू मंदिरात कापून मग घरी आणायचे, आजचा हगादा (त्या रात्री वाचायचं पुस्तक) नंतर घडत गेला (आपला मराठी भाषांतराचा १८४६ ला मुंबईत छापला, हे जाता जाता).

आणि सगळे ज्यू एका साच्यातले कसे काय? आमचे पूर्वज जहाज फुटून नवगावला लागले, सात जोडपी वाचली असं घरोघर सांगतात. शनिवारी तेलाचा घाणा बंद म्हणून आम्हाला नाव पडलं शनवार तेली. शब्बाथ (शनिवारचा विसावा) होता, सुंता होती, शेमा (रोजची प्रार्थना) होतं, पण हनुक्का सण ठाऊक नव्हता, तो बाहेरचे ज्यू भेटल्यावर कळला. उलट एलियाहू हन्नाबीला (एलिया संदेष्ट्याला) मलिदा, गोड पोह्यांत ओलं खोबरं घालून वर फळं, हा आमचा. तेव्हाच्या गालीलात आणि यरुशलेमात पण असे फरक असणारच ना.

वसईचा_पुस्तककिडा
दादा, योहान १०:२२ मध्ये हिवाळ्यात सण असतो आणि येशू मंदिरात फिरत असतो, तो हनुक्काच का?

नवगाव_ते_लोद
तोच. इ. स. पू. १६४ मध्ये मक्काबी या ज्यू बंडखोरांनी मंदिर शुद्ध करून पुन्हा अर्पण केलं त्याचा. गंमत म्हणजे मक्काबींचं पुस्तक तुमच्या कॅथलिक बायबलात आहे, आमच्या तनाखमध्ये (ज्यू बायबलात) नाही. सण आम्ही करायचा, पुस्तक तुमच्याकडे 😄

वसईचा_पुस्तककिडा
हे भारीच. मग रविवारी कादंबरीच्या आधी १ मक्काबी ४ आणि मास्तरांचा मार्क घेतो, फादरांना पण सांगून ठेवतो, चिडतील बहुतेक.

किनारपट्टी
ग्रुपात कोणी प्रोटेस्टंट असेल तर त्याच्या बायबलात मक्काबी नसणार, आधीच झेरॉक्स काढून न्या.