चित्रकलेतून लहान मुलांना स्पॅनिश कसे शिकवावे? सल्ला हवा आहे

पाच ते सात वर्षांच्या सहा मुलांना मी चित्रे काढत प्राथमिक स्पॅनिश शिकवते. चित्र पूर्ण झाले की मी त्याखाली शब्द लिहून घेते, पण मुले तोवर मराठीतच बोलत राहतात आणि लिहिलेला शब्द पुढच्या तासाला कोणालाही आठवत नाही. शिवाय तांबडा रंग कधी ‘रोहो’ तर कधी ‘रोहा’ का होतो, हे व्याकरण न सांगता कसे समजवावे? कृपया अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

शब्द चित्राच्या शेवटी येतो, हीच खरी अडचण आहे. तो चित्र काढण्यासाठीच लागला पाहिजे. सगळे खडू आपल्याजवळ ठेवावेत आणि मुलाने ‘आसूल, पोर फाबोर’ असे म्हटल्यावरच निळा खडू द्यावा. खडूवाचून आभाळ रंगत नाही, एवढे कारण त्या वयाला पुरते. ‘दिबूहा’ (चित्र काढ), ‘पिंता’ (रंगव), ‘कोर्ता’ (काप) आणि ‘पेगा’ (चिकटव) या आज्ञाही हातवाऱ्यांसह स्पॅनिशमध्येच द्याव्यात.

रोहो-रोहाचे म्हणाल, तर मराठी मुलांना ही गोष्ट मुळातच येत असते. आपण ‘तांबडा फुगा’, ‘तांबडी टोपी’ म्हणतो, पण ‘लाल’ मात्र दोन्हीकडे लालच राहतो. त्याचप्रमाणे स्पॅनिशमध्ये ‘एल गातो नेग्रो’ (काळे मांजर) आणि ‘ला कासा नेग्रा’ (काळे घर) असा बदल होतो, तर ‘आसूल’ आणि ‘बेर्दे’ (हिरवा) हे शब्द लिंगानुसार बदलत नाहीत. मात्र आपले घर नपुंसकलिंगी आहे आणि स्पॅनिश नामांना पुल्लिंग व स्त्रीलिंग एवढी दोनच लिंगे असतात, म्हणून प्रत्येक नाम ‘एल’ किंवा ‘ला’ जोडूनच शिकवावे. रंगाचा शब्द तिथे नामानंतर येतो, हे तर चित्रकाराच्या फारच सोयीचे आहे: आधी बाह्यरेषा काढताना ‘ला कासा’ म्हणावे, मग रंग भरताना ‘रोहा’.

प्रतिसाद २

वरील सल्ल्याशी मी पूर्ण सहमत आहे. चेहऱ्याच्या अवयवांसाठी मेक्सिकोच्या चित्रकर्ती फ्रीदा काहलो (१९०७–१९५४) यांची आत्मचित्रे जरूर दाखवावीत. त्यांतल्या जुळलेल्या भुवया पाहून मुले ‘सेहा’ हा शब्द विसरत नाहीत, आणि काही चित्रांत सोबतीला माकड (‘मोनो’) व पोपट (‘लोरो’) असल्यामुळे तेही शब्द ओघाने येतात. एका ठिकाणी मात्र जपावे. स्पॅनिशमध्ये ‘बोका’ म्हणजे तोंड आणि ‘गातो’ म्हणजे मांजर, त्यामुळे मराठी मुलांचा हमखास गोंधळ होतो. मी तोंड उघडून गाणारे मांजर काढायला सांगते, म्हणजे दोन्ही शब्द एकाच कागदावर आपापल्या जागी बसतात.

धागाकर्तीचा प्रश्न

मनापासून आभार. मग लेखन कधी सुरू करावे?

प्रतिसाद १

रोमन अक्षरे नुकतीच शिकलेले मूल ‘रोहो’ हा शब्द ‘rojo’ असा लिहिलेला पाहून ‘रोजो’ वाचते, म्हणून उच्चार कानात पक्का होईपर्यंत, निदान पहिले काही महिने, चित्राखाली काहीही लिहून घेऊ नये.