कासवं राखायला कोस्टा रिकाला जायचं, अन् गावच्या तलावातली बेशरम कोणी उपटायची?

वैनगंगाकाठ (भंडारा):
आमच्या गावच्या एका पोराला मध्य अमेरिकेतल्या कोस्टा रिका देशात जायचं आहे, समुद्री कासवांच्या संवर्धनासाठी स्वयंसेवक म्हणून. पगार नाही. उलट राहण्याजेवणाचे पैसे यानेच भरायचे, विमानाचं तिकीट वेगळं. बाप धानाच्या बांधीवर कर्ज काढायला निघाला आहे. इकडे गावचा मामा तलाव (माजी मालगुजारी, म्हणजे जुना सिंचनाचा तलाव) बेशरम नावाच्या तणानं गच्च भरलाय, गाळ इतका साचलाय की दिवाळीनंतर शेवटच्या बांधीला पाणी पोचत नाही. गाळ काढायला चला म्हटलं की पोरं मोबाईलमध्ये तोंड घालतात. कासवंच राखायची तर आपल्या रत्नागिरीत वेळास आहे ना! माझं स्पष्ट मत, हे कर्ज काढून केलेलं पर्यटन आहे. पटत नसेल तर सांगा.

मोहफूल (गडचिरोली):
काका, पर्यटन म्हणून मोकळे होऊ नका. कोस्टा रिकातल्या तोर्तुगेरोच्या किनाऱ्यावर 1959 पासून कासवांवर काम चालू आहे. तिथे रात्रभर वाळूत चालावं लागतं, तेही लाल उजेडात, कारण पांढऱ्या उजेडानं कासव बिचकून परत फिरते. मादी अंडी घालायला लागेपर्यंत जवळ जायचं नाही. मग कवचाची लांबी मोजायची, खूण लावायची, सगळं नोंदवायचं. अशी शिस्त अंगात मुरलेला पोरगा परत आला तर तुमच्या तलावावरच्या पक्ष्यांच्या नोंदी तोच ठेवेल. आणि परक्या माणसाचे हात कामाचे नसतात असं कसं म्हणता? आनंदवनात सुरुवातीच्या काळात परदेशी तरुणांनीच श्रमदान करून भिंती उभ्या केल्या ना?

वऱ्हाडी_गडी (अमरावती):
ताई, आनंदवनाचं उदाहरण तुमच्याच अंगावर येते. तिथं काम कोणतं, कुठं, हे बाबा आमटेंनी ठरवलं होतं. हात बाहेरचे, हुकूम घरचा. इथं काय होते? संस्था शुल्क घेते, दोन आठवड्यांचा पाहुणा येतो, त्याले जमेल असं काम हुडकून देते. पाहुणा गेला की दुसरा, त्याले पयल्यापासून शिकवा. शिकवणाऱ्याचा जीव जाते बाप्पा. वरून विमानाचा धूर तो वेगळाच. अन् श्रमदानच शिकायचं तर बाबा आमटेंचीच चंद्रपूर जिल्ह्यातली सोमनाथची श्रमसंस्कार छावणी आहे, 1967 पासूनची. थे काऊन नाही दिसत कोणाले?

मोहफूल:
शुल्क जातं कुठे, हे विचारा, मग बोला. किनाऱ्यावरचा स्वयंपाकी, वाटाड्या, रात्रीचा राखणदार हे तिथल्याच गावचे असतील तर कासव जिवंत ठेवण्यात गावाचा फायदा आहे. सगळा पैसा मधल्या दलालाला जात असेल तर मीही नको म्हणेन. सरसकट झोडपू नका, एवढंच.

रानवाटा (धानोरा):
आमच्या तालुक्यात मेंढा-लेखा गाव आहे. वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, 2011 मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना गावाच्या हाती आला. बाहेरचे लोक तिथे आले, अभ्यास गटात बसले, माहिती दिली. निर्णय मात्र ग्रामसभेचा, तोही सर्वसहमतीनं. त्या पोरानं संस्थेला एकच विचारावं: माझं काम कोणत्या गावानं मागितलंय? उत्तर आलं तर जाऊ द्या. फोटोच आले तर समजून जा.

पासपोर्टवाला (नागपूर):
तत्त्वाचं चालू द्या, कागदाचंही बघा. पुष्कळ देशांत पर्यटक व्हिसावर बिनपगारी कामसुद्धा चालत नाही. ब्रिटनला तर तीस दिवसांपेक्षा जास्त अशी सेवा करायची तर वेगळा व्हिसा लागतो. 'पर्यटक म्हणून या, पुढचं आम्ही बघतो' असं कोणी म्हटलं की आधी वकिलातीच्या संकेतस्थळावर बघा. विमा, लसी, परतीचं तिकीट वेगळं. घरी बसून करायचं असेल तर संयुक्त राष्ट्रांची ऑनलाइन स्वयंसेवा आहे, तिथे शुल्क नाही.

वैनगंगाकाठ:
रानवाटा भाऊंचा प्रश्न मी पोराला विचारणार. पण ताई, नोंदी ठेवून बेशरम निघत नाही जी. गोंदियातल्या अर्जुनी मोरगावकडे मासेमारी करणाऱ्या ढीवर समाजाच्या बायांनी चिखलात उतरून ती उपटली, देशी पाणवनस्पती लावल्या, तेव्हा मासळी परत आली. त्या बाया कोणत्या विमानानं शिकून आल्या होत्या?

मोहफूल:
नाही आल्या. पण त्यांना विचारायला तुमच्या गावातून कोण गेलं, काका? भंडाऱ्याहून अर्जुनी काही परदेश नाही.

वैनगंगाकाठ:
गेलं नाही कोणी. पण कर्जाचं माझं मत कायम आहे. बांधी बापाची आहे, हप्ता बापच भरणार. पोराला जायचंच असेल तर आधी कमावून घ्यावं, नाहीतर ज्यात खर्च संस्था उचलते असा प्रकल्प हुडकावा.

वऱ्हाडी_गडी:
ह्याले मात्र आपला पाठिंबा. गाळाचं केव्हा काढता ते सांगा, आमच्याकडली चार पोरं पाठवतो. जेवण तुमच्याकडं, शुल्क घेऊ नका म्हणजे झालं!