जुनी मारुती ८०० सिग्नलवर गरम होते आणि मिसिंग करते : हेड उघडण्यापूर्वी काय तपासावे?

प्रश्न (महाल, नागपूर)

नमस्कार. माझ्याकडे २००८ सालची मारुती ८०० आहे, एम.पी.एफ.आय. इंजिनाची, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला पेट्रोल फवारणारा स्वतंत्र इंजेक्टर असलेली. गाडी १,१८,००० किलोमीटर चालली आहे. २०२३ मध्ये पंधरा वर्षे पूर्ण झाली तेव्हा आर.टी.ओ.त ५,००० रुपये शुल्क भरून मी तिची नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवून घेतली, त्यामुळे निदान २०२८ पर्यंत ती चालवावी असा माझा विचार आहे. मी बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करतो. दोन सहकारी सोबत असतात आणि पेट्रोलचा खर्च आम्ही वाटून घेतो.

गेल्या तीन आठवड्यांपासून दोन तक्रारी आहेत. लोकमत चौक, रहाटे कॉलनी, अजनी, छत्रपती चौक असे सिग्नल घेत जाताना तापमानाचा काटा मधल्या रेषेच्या वर चढू लागतो, आणि एकदा वर्धा रोड मोकळा लागून गाडी साठच्या वेगाने धावू लागली की तो आपोआप खाली येतो. संध्याकाळी परतताना, बाहेर ४३ अंश तापमान असते तेव्हा, तो लाल पट्ट्याच्या अगदी जवळ जातो आणि मला गाडी बाजूला घेऊन बंद करावी लागते. दुसरी तक्रार अशी की इंजिन तापल्यानंतर गाडी उभी असताना थरथरते, एक सिलिंडर साथ देत नाही असे वाटते (यालाच मिसिंग म्हणतात) आणि पहिल्या गिअरमध्ये उचल घेत नाही. सकाळी थंड इंजिनाला हा त्रास नसतो. याशिवाय रिझर्व्ह बाटलीतील कूलंट (इंजिन निववणारे पाणी) दहा दिवसांत दोन बोटे कमी झाले.

घराजवळच्या गॅरेजमध्ये बॉनेट उघडून, एक्सलेटर दोन-तीन वेळा दाबून "हेड गॅस्केट उडाले आहे, हेड उतरवावे लागेल" असे सांगण्यात आले (हेड म्हणजे सिलिंडरांवरचे धातूचे झाकण, आणि गॅस्केट म्हणजे त्याखालचा वायू व पाणी रोखणारा पातळ थर) आणि १६,००० रुपयांचा अंदाज दिला गेला. मुलीचे शुल्क नुकतेच भरल्यामुळे माझ्याकडे सध्या ५,००० रुपयांच्या वर सोय नाही. हेड खरोखरच उतरवण्याची गरज आहे की नाही, हे घरच्या घरी किंवा थोड्या खर्चात ठरवता येईल का? माझ्याकडे पान्यांचा संच, प्लगपाना आणि टेस्ट लॅम्प आहे.

उत्तर १ (माजी शिल्प निदेशक, मोटार मेकॅनिक व्यवसाय, प्रतापनगर)

काटा कोठे चढतो आणि कोठे उतरतो हे तुम्ही नीट नोंदवले आहे, आणि या सगळ्या वर्णनात मला तीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. गाडी उभी असताना इंजिन तापते आणि वेगात असताना निवते, याचा सरळ अर्थ असा की रेडिएटरमधून पाणी फिरते आहे, परंतु समोरून वारा लागला नाही की उष्णता बाहेर टाकली जात नाही. उभ्या गाडीला वारा देण्याचे काम रेडिएटरचा पंखा करतो. रेडिएटर आतून चोंदला असता किंवा पाण्याचा पंप अशक्त झाला असता तर त्रास वर्धा रोडवरच्या वेगात, चढावर आणि भार असताना अधिक जाणवला असता. म्हणून पहिला संशय पंख्यावर घ्यावा. गॅस्केटचा संशय मी सोडलेला नाही, पण तो दुसऱ्या क्रमांकावर ठेवतो.

इंजिन सुरू करून गाडी सावलीत उभी ठेवा आणि काटा मध्याच्या वर जाईपर्यंत पंखा लागतो का ते पाहा. लागला नाही तर इंजिन बंद करा, पंख्याचा कनेक्टर काढा आणि दोन जाड वायरींनी बॅटरीचे १२ व्होल्ट थेट मोटारीला द्या. पंखा जोमाने फिरला तर मोटार चांगली आहे आणि दोष फ्यूज, रिले (पंख्याची वीज चालू-बंद करणारा स्विच), सेन्सर किंवा वायरिंगमध्ये आहे; तेथे तुमचा टेस्ट लॅम्प उपयोगी पडेल. फिरला नाही, किंवा मोटारीच्या पाठीवर पान्याच्या दांड्याने हलकेच टोकल्यावरच फिरू लागला, तर मोटारीतील कार्बन ब्रश झिजले आहेत. पात्यांजवळ बोट नेऊ नका.

आता गॅस्केट. सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटर कॅप काढा, पाणी काठोकाठ भरा, इंजिन सुरू करा आणि पहिली दोन-तीन मिनिटे तोंडाशी लक्ष ठेवून बसा. सुरुवातीला अडकलेली हवा निघून दोन-चार बुडबुडे येतात, त्याला घाबरू नये. एकसारखे, न थांबता बुडबुडे येत राहिले, किंवा इंजिन कोमट होण्याआधीच वरचा होज पाईप दगडासारखा कडक झाला, तर सिलिंडरमधील जळालेला वायू पाण्यात शिरतो आहे असे समजावे. ऑइल भरण्याच्या झाकणाखाली दुधाळ थर दिसतो का हेही पाहा. मात्र रोज थोडेच अंतर चालणाऱ्या गाडीत नुसत्या बाष्पामुळेही तसा पातळ थर जमतो, त्यामुळे डिपस्टिकवरील, म्हणजे ऑइल मोजायच्या पट्टीवरील, ऑइल दुधाळ असेल तरच तो पुरावा मानावा. गरम इंजिनाची कॅप कोणत्याही कारणासाठी उघडू नका. आतले पाणी दाबाखाली शंभर अंशांच्या वर गेलेले असते आणि कॅप सैल होताच ते उसळून अंगावर येते. मी शिकवत असताना हाताची कातडी सोललेली मुले पाहिली आहेत.

मिसिंगकडे वेगळी तक्रार म्हणूनच पाहा, कारण दोन दोष एका वेळी दिसले की माणूस त्यांना एकाच कारणात बसवू पाहतो आणि तेथेच पैसा वाया जातो. इंजिन गरम होऊन थरथरू लागले की एका वेळी एका इंजेक्टरचा कनेक्टर काढा आणि परत लावा. जो कनेक्टर काढल्यावर इंजिनाच्या चालीत काहीच फरक पडत नाही, ते सिलिंडर काम करत नाही. पूर्वी आम्ही यासाठी प्लगची वायर ओढत असू, पण तिचा झटका जबर असतो आणि इग्निशन कॉइललाही इजा होऊ शकते. तुम्ही ते करू नये. मेलेले सिलिंडर सापडले की इंजिन थंड झाल्यावर त्याचा प्लग शेजारच्या सिलिंडरमध्ये लावा. मिसिंग प्लगबरोबर तिकडे गेले तर प्लग दोषी. नाही गेले तर प्लग जागेवर ठेवून वायर बदलून पाहा. एका वेळी एकच वस्तू हलवावी आणि प्रत्येक बदलानंतर काय घडले ते वहीत लिहावे.

प्लग बाहेर काढलाच आहे तर त्याचे टोक उजेडात पाहा. फिकट तपकिरी रंग ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, ओलसर तेलकट काळेपणा म्हणजे ऑइल जळते आहे. आणि तिघांपैकी एकच प्लग धुऊन काढल्यासारखा स्वच्छ पांढरा दिसला, तर त्या सिलिंडरमध्ये पाणी शिरण्याची शक्यता गंभीरपणे घ्यावी.

उत्तर २ (शाळेची व्हॅन चालवतो, कामठी रोड)

भाऊ, माझ्या ओम्नीला तुमच्यासारखेच ७९६ सी.सी.चे तीन सिलिंडरचे इंजिन आहे, म्हणून अनुभव सांगतो. तीन वर्षांपूर्वी मलाही गॅस्केट सांगितले गेले. मी उसनवारी करून काम करून घेतले आणि चौथ्या दिवशी, शाळेसमोर मुलांची वाट पाहत उभा असताना, काटा पुन्हा वर गेला. शेवटी दोष पंख्याच्या रिलेत निघाला. तो भाग दोनशे रुपयांच्या आत मिळाला होता. गॅरेजवाल्याने मुद्दाम फसवले असे मी म्हणणार नाही, पण त्याने काहीही न तपासता हेड उतरवले आणि मीही त्याला थांबवले नाही.

सरांनी सांगितलेल्या तपासणीत रेडिएटर कॅपची भर घाला. तिचे रबर कडक झाले किंवा स्प्रिंग ढिली पडली तर दाब टिकत नाही, पाणी लवकर उकळते आणि बाटलीकडे ढकलले जाते. कूलंट कमी होण्याचे कारण तेवढेच असू शकते. बोअरचे पाणी कधीही भरू नका. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याने घरातल्या भांड्यांवर जसा पांढरा थर बसतो तसाच रेडिएटरच्या नळ्यांमध्ये बसतो.

उत्तर ३ (लेखापाल, हिंगणा रोड)

वरील दोन्ही उत्तरांबद्दल आदर ठेवून मला एक इशारा द्यावासा वाटतो. माझ्या जुन्या गाडीत थंड इंजिनावर एकही बुडबुडा दिसला नव्हता, आणि त्या भरवशावर मी ती आणखी दीड महिना चालवली. गॅस्केट फक्त इंजिन पूर्ण तापल्यावर गळत होते. हेड उतरवले तेव्हा ते वाकलेले निघाले, लेथवर फेसिंग करून (घासून सपाट करून) घ्यावे लागले आणि दोन व्हॉल्व्हही बदलावे लागले. खर्च दुपटीच्या जवळ गेला. म्हणून बुडबुडे आले नाहीत म्हणजे गॅस्केट चांगले, असा निष्कर्ष काढू नये, आणि काटा लाल पट्ट्यापर्यंत जात असताना रोज साठ किलोमीटर गाडी चालवू नये. निकाल लागेपर्यंत बसने जावे हे बरे. पाचशे रुपयांपर्यंत कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, तपासून मिळते. तेवढे आधी करावे, असे माझे मत आहे.

उत्तर १ कडून पुन्हा

उत्तर ३ देणाऱ्या ताईंचे म्हणणे योग्य आहे आणि माझ्या उत्तरात ती उणीव राहिली होती. थंड चाचणीत बुडबुडे आले तर दोष नक्की समजावा, पण आले नाहीत तर निर्दोष समजू नये. ॲल्युमिनियमचे हेड वारंवारच्या तापण्याने वाकते हेही खरे. मिसिंग चालू ठेवून गाडी पळवणेही चुकीचे आहे, कारण न जळलेले पेट्रोल सायलेन्सरमधील, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते आणि तो महागडा भाग निकामी होतो.

कॉम्प्रेशन तपासताना तिन्ही सिलिंडरचे आकडे एकमेकांशी ताडून पाहा. दहा-पंधरा टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो. शेजारची दोन सिलिंडर एकदम कमी दिसली तर त्यांच्या मधल्या जागी गॅस्केट गेल्याची ती खूण आहे. एकच कमी असेल तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजावे. आकडा वाढला तर पिस्टनच्या रिंग झिजल्या आहेत, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट.

याहून स्वस्त असा एक मार्ग फार कमी लोक वापरतात. पी.यू.सी. केंद्रातील यंत्र धुरातील कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजते. तुमच्या काळातील पेट्रोल गाडीला मर्यादा अनुक्रमे ०.५ टक्के आणि ७५० पी.पी.एम. (दहा लाख भागांत ७५०) अशी आहे. हायड्रोकार्बन फार जास्त आणि मोनॉक्साइड बेताचा असेल तर पेट्रोल न पेटताच बाहेर पडते आहे, म्हणजे प्लग, वायर किंवा कॉम्प्रेशनचा दोष. दोन्ही जास्त असतील तर मिश्रणातच पेट्रोल अधिक आहे. त्याच यंत्राची नळी रिझर्व्ह बाटलीच्या उघड्या तोंडावर, पाण्याला स्पर्श न होऊ देता, गरम इंजिनावर धरली आणि तेथेही हायड्रोकार्बन दिसला, तर गॅस्केट फुटल्याचे जवळजवळ सिद्ध होते. ताईंच्या गाडीतील दोष या चाचणीत सापडला असता असे मला वाटते. केंद्रचालकाला आधी नीट समजावून सांगा. नळीत पाणी गेले तर त्याचे यंत्र बिघडेल, म्हणून तो बिचकेल आणि ते साहजिक आहे.

प्रश्नकर्त्याकडून (नऊ दिवसांनंतर)

सर्वांचा मनापासून आभारी आहे. ताईंचे ऐकून गाडी घरी ठेवली आणि बसने ये-जा केली. जे आढळले ते क्रमाने लिहितो.

थंड इंजिनावर बुडबुडे आले नाहीत. काटा मध्याच्या वर गेला तरी पंखा लागला नाही. बॅटरीवरून थेट वीज दिली तेव्हाही तो गप्प होता, आणि पाठीवर पान्याने दोनदा टोकल्यावर घरघरत फिरू लागला. सरांनी लिहिले होते तसेच तंतोतंत घडले. घाट रोडवरून नवी मोटार १,३५० रुपयांना आणली आणि मी स्वतःच बसवली.

मिसिंग दुसऱ्या सिलिंडरमध्ये सापडले. प्लगची अदलाबदल केली तरी ते दुसऱ्यातच राहिले. त्या रात्री आमच्या गल्लीतील वीज गेली होती. तापलेले इंजिन चालू ठेवून मी सहज बॉनेट उघडले, तर दुसऱ्या सिलिंडरच्या वायरीच्या बुडाशी, रबरी टोपीच्या वर, सुईएवढी निळी ठिणगी इंजिनाच्या धातूकडे उडताना दिसली. दिवसा तेथे काहीच दिसत नव्हते. सकाळी वायर वाकवून पाहिली तेव्हा तिच्या आवरणाला केसाएवढी चीर होती. वायरींचा संच ६२० रुपये, तीन प्लग ३९० रुपये, रेडिएटर कॅप १८० रुपये आणि कूलंट ३०० रुपये.

त्यानंतर कॉम्प्रेशन तपासून घेतले, त्याचे ४०० रुपये लागले. तिन्ही सिलिंडरमध्ये सात टक्क्यांच्या आत फरक आहे. पी.यू.सी. केंद्रातील चालकाने बाटलीवर नळी धरण्यास आधी नकार दिला, पण मी स्वतः बाटलीतील पाणी थोडे कमी करून दाखवल्यावर तो तयार झाला. तेथे हायड्रोकार्बन दिसला नाही. धुरातील हायड्रोकार्बन १८० पी.पी.एम. आला. एकूण खर्च, पी.यू.सी.चे शुल्क सोडून, ३,२४० रुपये.

काल दुपारी चार वाजता छत्रपती चौकात तीन वेळा सिग्नल लागला तरी काटा मध्यावर होता आणि पंखा लागल्याचा आवाज काच खाली असताना स्पष्ट ऐकू आला.

उत्तर ३ कडून

वाचून फार समाधान वाटले. मात्र कूलंट कमी होण्याचे कारण कॅपच होती हे अजून सिद्ध व्हायचे आहे. रिझर्व्ह बाटलीवर आजच्या पातळीला पेनाने रेघ ओढा आणि दर रविवारी सकाळी, गाडी सुरू करण्यापूर्वी, पाहा.

प्रश्नकर्त्याकडून

रेघ ओढली आहे, ताई. पातळी आज, पहिल्या रविवारी, रेघेवरच आहे. चार रविवार झाले की येथे लिहीन.