लॉगिन शेल बदलण्याचा सरसकट सल्ला

मानकापूरकर:
‘विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी बॅश सोडून फिश शेल लावून द्यावा, त्यात गमावण्यासारखे काही नाही’ हे येथे काल लिहिलेले वाचून मला राहवले नाही. शेल म्हणजे टाइप केलेल्या आज्ञा वाचून चालवणारा प्रोग्राम; बॅश, फिश, झेडशेल हे त्याचे प्रकार, आणि लॉगिन होताच सुरू होतो तो लॉगिन शेल. मिहानमधील एका कार्यालयाच्या सर्व्हरवर मी शेल बदलण्याच्या सीएचएसएच आज्ञेने स्वतःच्या खात्याचा लॉगिन शेल झेडशेल केला होता. पुढे सहकाऱ्याने अनावश्यक पॅकेजे काढताना झेडशेलचेही काढले. खात्यांची नोंद असलेल्या पासवर्ड फाइलमधील माझ्या ओळीच्या सातव्या, म्हणजे शेलच्या, रकान्यात मात्र त्याचाच मार्ग राहिला आणि दुरून लॉगिन करू देणाऱ्या एसएसएचने मला दारातूनच परत पाठवले. सहकारी रजेवर असल्याने मे महिन्याच्या भर दुपारी, नागपूरच्या त्या उन्हात, मला सर्व्हरला थेट जोडलेल्या कन्सोलपर्यंत जावे लागले. रूटचा, म्हणजे मुख्य प्रशासक खात्याचा, शेल बदलला नव्हता, म्हणून सुटलो.

धंतोलीकर:
तो सल्ला माझाच होता. चूक पॅकेज काढणाऱ्याची आणि शिक्षा शेलला, हा कोणता न्याय? चुकलेली आज्ञा टाइप करतानाच लाल दिसते, हे नवख्या मुलांसाठी किती मोलाचे आहे, ते मी वर्गात रोज पाहतो. मॅकओएसनेही २०१९ मध्ये कॅटालिना आवृत्तीपासून नव्या खात्यांना झेडशेल दिलाच ना?

फुटाळा तलाव:
झेडशेल आणि फिश यांना एका मापाने मोजू नये. फिश पॉझिक्स या प्रमाण नियमांच्या व्याकरणाने चालत नाही, त्यामुळे आमच्या बॅकअपच्या सगळ्या स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञांच्या फाइली, बंद पडतील.

धंतोलीकर:
हे साफ चूक आहे, आणि दर वेळी हीच भीती घातली जाते याचा मला संताप येतो. स्क्रिप्ट कोणी चालवायची ते तिची पहिली, चालवणाऱ्या प्रोग्रामचे नाव सांगणारी शिबँग ओळ ठरवते. ठरल्या वेळी कामे चालवणारा क्रॉनसुद्धा लॉगिन शेलकडे न पाहता मुळात एसएच हा प्रमाण शेल वापरतो. उबुंटू या लिनक्स प्रणालीने २००६ मध्ये एसएचच्या जागी डॅश हा छोटा शेल आणला, तेव्हाही वापरकर्त्यांचा लॉगिन शेल बॅशच राहिला होता. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे अजून किती वेळा सांगायचे?

फुटाळा तलाव:
आवाज चढवल्याने माझी अडचण सुटत नाही. माझ्या भाचीने फिशमध्ये पायथॉनचे आभासी वातावरण (एका प्रकल्पापुरती वेगळी मांडणी) सुरू करायला नेहमीची फाइल वापरली आणि तिला त्रुटीच दिसली. फिशसाठी तेथेच वेगळी फाइल असते, हे तिला कोणीही सांगितले नव्हते.

मानकापूरकर:
शिबँगचा मुद्दा धंतोलीकरांचा बरोबर आहे, तो मी मान्य करतो. मात्र एसएसएचवरून दूरच्या यंत्राला पाठवलेली आज्ञा तेथील लॉगिन शेलमार्फतच चालते. तिच्यात बॅशच्या पद्धतीचा, आज्ञा पुन्हा पुन्हा चालवणारा डू-डन फेरा असेल, तर फिश तो नाकारतो. लॉगिन शेल केवळ टाइप करणाऱ्यासाठी नसतो, एवढेच माझे म्हणणे आहे.

धंतोलीकर:
सर्व्हरपुरते मान्य, मी सरसकट लिहायला नको होते. विद्यार्थ्यांच्या लॅपटॉपवर मात्र फिशच राहील.

मानकापूरकर:
मग टर्मिनलच्या प्रोफाइलमध्ये फिश सुरू करण्याची आज्ञा लिहावी आणि लॉगिन शेल बॅशच ठेवावा. सर्व्हरवर बदल करायचाच असेल, तर दुसऱ्या खिडकीतून नव्याने लॉगिन होते हे पाहिल्याशिवाय पहिले सत्र बंद करू नये.