बालवाडीच्या वर्गासाठी ३ हजारांत काय घ्यावं? (ऑटिझम असलेलं मूल)

भांडुपची_बाई: मोठ्या शिशूत २६ मुलं, मी आणि एक मदतनीस ताई. साडेचार वर्षांचा एक मुलगा आहे, ऑटिझमचं निदान झालंय, ओटी (ऑक्युपेशनल थेरपी, रोजच्या हालचाली आणि संवेदना सांभाळायला शिकवणारी) चालू आहे. बाहेर ढोल वाजला की कान दाबून टेबलाखाली जातो. खेळ थांबवून डब्याला बसवलं की रडतो. संस्थेने ३,००० रुपये दिलेत. मनात छोटा कापडी तंबू आहे. सुचवा.

ठाण्याचा_बाबा: झोका घ्या, सेन्सरीवाला, म्हणजे मुलाला शांत करायला छताला टांगतात तो. आम्ही ११ हजारांचा घेतला, हुक बसवणाऱ्याचे वेगळे. लेक दहा मिनिटांत शांत होते. याला तोड नाही.

भांडुपची_बाई: दादा, भाड्याची खोली, वर पत्रा. हुक लागणार नाही. आणि ३ हजारच आहेत.

निवृत्त_शिक्षिका: तंबू मुळीच नको! आमच्या वर्गात आणला होता, बाकीच्या मुलांनी त्यात घर मांडलं. ज्याच्यासाठी आणला तो बाहेर.

पार्ल्याची_आई: टॅब द्या. माझा मुलगा त्यावरच रंग शिकला.

निवृत्त_शिक्षिका: चार वर्षांच्या मुलाला बालवाडीतही स्क्रीन? जागतिक आरोग्य संघटना दिवसाला एक तासापेक्षा जास्त नको म्हणते, तो तर घरीच संपतो.

पार्ल्याची_आई: न बोलणाऱ्या मुलाला टॅब म्हणजे आवाज असतो. माझा मुलगा चित्र दाबून पाणी मागतो. सरसकट नाही म्हणू नका.

स्पेशल_एज्युकेटर_दादर: बोलण्यासाठीचा टॅब वेगळा, ते त्याच्या स्पीच थेरपिस्टला ठरवू द्या. तुमची खरी अडचण बदलाची आहे, त्याला चित्रवेळापत्रक लागतं, म्हणजे आता काय आणि पुढे काय ते क्रमाने दाखवणारी चित्रांची कार्डं. बाजारातली कार्टूनवाली कार्डं नकोत. त्याच्याच डब्याचे, त्याच्याच चटईचे, तुमच्या अंगणाचे फोटो काढा, लॅमिनेट करा, मागे वेल्क्रो. सुरुवातीला दोनच लावा: आत्ता आणि नंतर. काम संपलं की कार्ड त्याने स्वतः काढून ‘झालं’च्या पिशवीत टाकायचं. जमलं की वाढवा. त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर हवं, फळ्याच्या वर नाही. खेळ थांबवायच्या आधी वाळूचं घड्याळ दाखवा. अब्दुल रहमान स्ट्रीटला सगळं सामान पाचशेच्या आत येईल.

ठाण्याचा_बाबा: वजनाचं जॅकेटही छान, आमच्याकडे आहे.

स्पेशल_एज्युकेटर_दादर: ते त्याच्या ओटी थेरपिस्टला विचारल्याशिवाय घालू नका.

कुर्ल्याची_मावशी: कान तपासलेत का? भाचीला सगळे ऑटिझम म्हणत होते, ऐकूच कमी येत होतं. वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग संस्थेत तपासणी होते.

भांडुपची_बाई: तपासलेत मावशी, ऐकू व्यवस्थित येतं.

विक्रोळी_७८: चित्रांची कार्डं करा, फोटोवाली. आणि पालकांना ‘निरामय’ आरोग्य विमा सांगा, केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टचा. ऑटिझमला लागू आहे, वर्षाला १ लाखापर्यंत, थेरपीचा खर्चही बसतो.

ठाण्याचा_बाबा: हे आम्हाला कोणी सांगितलंच नाही! अडीच वर्षं खिशातून भरतोय.

निवृत्त_शिक्षिका: ढोलासाठी कानावरचे मफ घ्या. तंबूपेक्षा बरे.

भांडुपची_बाई: सगळ्यांचे आभार. कार्डं आज रात्रीच करते, फोटो काढून झालेत. मफ त्याच्या आईने आणले होते, डोक्याला काही लागलेलं त्याला सहन होत नाही. तंबू मात्र घेतेच. तो आत्ताही टेबलाखाली जातो, म्हणजे त्याला काय हवं ते तो दाखवतोच आहे, आणि तिथे मुलांचे पाय लागतात. बाकीच्यांनाही आत जाऊ देईन, पण ढोल वाजला की तंबू त्याचा, हे सगळ्यांना शिकवीन. चार वर्षांची मुलं एवढं शिकतात.

स्पेशल_एज्युकेटर_दादर: मग एक बाजू जाळीची बघा, ताईंना तो सतत दिसला पाहिजे. आणि शिक्षा म्हणून कोणालाच आत पाठवू नका. तंबूचंही एक कार्ड करा, म्हणजे तो ते दाखवून मागू शकेल.