आइसची कंत्राटं आणि आपल्या राज्याचा कर: पत्राचा मसुदा

नमस्कार मंडळी,

रविवारी दुभाषी म्हणून एका डिटेन्शन सेंटरवर गेले होते. एका गुजराती बाईने आत नवऱ्याला द्यायला स्वेटर आणला होता, तो घेतला नाही. भेट संपेपर्यंत तिने ती पिशवी छातीशी धरली होती. आत माणसं कोंडून ठेवायचे पैसे खासगी कंपनीला मिळतात, हे माझ्या डोक्यातून जात नाही. आमदारांना पत्र लिहूया: आइसचं, म्हणजे केंद्राच्या इमिग्रेशन अंमलबजावणी खात्याचं, कंत्राट घेणाऱ्या कंपन्यांवर न्यू जर्सीने जादा कर लावावा. मसुदा जोडलाय, शुक्रवारपर्यंत नावं कळवा.

---

अगं, माझी सही धरच. पण मसुदा असाच पाठवू नकोस.

माझी नोकरी कंपन्यांची कराची विवरणपत्रं भरण्यात गेली, म्हणून सांगतो. केंद्र सरकारवर राज्याला कर लावता येत नाही, हे १८१९ सालीच मेरीलँडच्या खटल्यात ठरलं. केंद्राच्या कंत्राटदारावर मात्र लावता येतो. वेस्ट व्हर्जिनियात एक कंपनी केंद्रासाठी धरणं बांधत होती, तिच्यावरचा राज्याचा २ टक्के कर सुप्रीम कोर्टाने १९३७ मध्ये कायम ठेवला. कारण तो कर सगळ्यांनाच होता.

केंद्राचं काम करतो म्हणून वेगळा नियम लावला की खेळ संपला. केंद्राच्या हॅनफर्ड अणुप्रकल्पावर आजारी पडलेल्या कामगारांना भरपाई सोपी व्हावी म्हणून वॉशिंग्टन राज्याने कायदा केला. त्याहून चांगला हेतू काय असणार? २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने एकमताने तो घटनाबाह्य ठरवला. स्थलांतरितांना कोंडून ठेवायची नवी कंत्राटं बंद करणारा आपल्या राज्याचा २०२१ चा कायदा तर एलिझाबेथ शहरातल्या खासगी डिटेन्शन सेंटरविरुद्ध अपील कोर्टात जुलै २०२५ मध्ये टिकला नाही. तुझा जादा कर पहिल्याच सुनावणीत उडेल आणि कंपन्या तो निकाल सगळीकडे मिरवतील.

सवलतींकडे बघ. नोकऱ्या देतो म्हणून कंपन्या राज्याकडून टॅक्स क्रेडिट, म्हणजे करात सूट, घेतात, ते राज्याच्या मर्जीवर असतं. माणसं कोंडून ठेवायच्या धंद्याला क्रेडिट नाही, गिऱ्हाईक कौंटी असो, राज्य असो की केंद्र, असं लिही. त्यालाही आव्हान मिळेल, पण पाय जमिनीवर राहतील.

---

काका, कलमातून 'आइस' शब्द काढताना हात चालेना, पण काढला. 'खासगी बंदिस्त केंद्र' असं घातलंय, कुणाचंही असो. आइसबद्दल मात्र पत्राच्या पहिल्या परिच्छेदात लिहिलंय, स्वेटरसकट. ते काढणार नाही.

तुमच्या खटल्यांचा परिच्छेद तसाच घेतला. शनिवारी मराठी शाळा सुटल्यावर पार्किंगमध्ये छापील प्रती घेऊन उभी असेन. चार प्रती त्या बाईसाठीही ठेवते, तिच्या देवळातल्या मंडळींनाही सही करायची आहे.