शांते: रूप नाचून बदलावं की एका बटणानं?

पिक्सेलपंत

शांते या व्हिडिओ गेम मालिकेबद्दल एक मत मांडतोय. पटलं नाही तर खोडून काढा, पण खेळातल्या गोष्टी दाखवून.

ज्यांनी खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: नायिका शांते, अर्धी जिन्न. मारायला लांब केसांचा फटका, आणि जादू म्हणजे नाच. वेफॉरवर्डनं केलेला आणि कॅपकॉमनं आणलेला पहिला गेम 2002 मध्ये गेमबॉय कलरवर आला. त्यात सिलेक्ट दाबलं की शांते नाचायला लागते, संगीत बदलतं, आणि ठरलेल्या क्रमानं बाण आणि बटणं तालावर दाबली की ती माकड, हत्ती, कोळी किंवा हार्पी (पंखांची पक्षीण) होते. मालिकेतल्या पुढच्या सेव्हन सायरन्समध्ये (2019 ला अ‍ॅपल आर्केडवर, 2020 ला कन्सोलवर) ही पद्धत काढून टाकली. तिथं डॅश दाबलं की क्षणभर न्यूट (पालीसारखा छोटा प्राणी) होऊन ती सुसाट जाते, भिंतीला चिकटते आणि लगेच परत माणूस.

माझ्या मते यात रूपबदल उरलाच नाही, नुसती चाल उरली. जुन्या गेममध्ये माकड झालं की भिंत चढता यायची, पण केसांचा फटका हातचा जायचा. समोर शत्रू असेल तर आधी त्याला मारायचं की माकड होऊन वरून निघून जायचं, हे ठरवावं लागायचं. न्यूट होताना काय सोडावं लागतं? काहीच नाही.

उडीमार

पंत, निर्णय एकदाच घ्यायचा असतो तेव्हा तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण याच मालिकेतल्या 2010 च्या रिस्कीज रिव्हेंजमधला एखादा नेहमीचा रस्ता घ्या. उभी भिंत आली: थांबा, नाचाचं बटण दाबून धरा, माकडाचा टप्पा आला की सोडा, चढा. वर दगडी ठोकळा: माणूस व्हा, पुन्हा थांबा, पुन्हा धरा, माकडाचा टप्पा जाऊ द्या, हत्तीचा येताच सोडा, धडक द्या. पुढे परत भिंत. यात निर्णय कुठे आहे? ठोकळा दिसला की हत्ती, भिंत दिसली की माकड, दुसरं उत्तरच नाही. कुलूप दिसलं, किल्ली लावली, आणि किल्ली फिरवायला दर वेळी दोन-तीन सेकंद लागतात एवढंच.

किंमत आणि खोळंबा यांत फरक आहे. सेव्हन सायरन्सनं खोळंबा काढला.

काडतूसवाला

रिस्कीज रिव्हेंजमध्ये नाचाचा तालच नाही, नुसतं दाबून धरणं आहे. ते कंटाळवाणं आहे, मान्य. पण ते उदाहरण घेऊन 2002 च्या नाचाला झोडपू नका. तिथं चाल पाठ झाली आणि ताल सापडला की हात आपोआप चालतात. नाच येणं हे खेळाडूचं कौशल्य होतं. एका गावातून दुसऱ्या गावात पोचायलाही वेगळे नाच होते, म्हणजे सगळी जादू एकाच भाषेत बोलायची.

जुन्या गेमचा खरा जाच वेगळाच आहे. पडदा 160×144 पिक्सेलचा आणि त्यावर शांतेची आकृती चांगली मोठी. खाली काय आहे ते दिसत नाही, उडी टाकली की काटे नाहीतर खड्डा. रात्र झाली की शत्रू आणखी चिवट. लोक तिथं वैतागतात आणि खापर नाचावर फोडतात.

आणखी एक, जे हल्ली निन्टेन्डो स्विचवर जुन्या गेमची 2021 ची आवृत्ती खेळतात त्यांच्यासाठी. ताल चुकतोय असं वाटलं तर आधी टीव्हीचा गेम मोड चालू करा. चित्र सुधारण्याच्या खटाटोपात टीव्ही दृश्य उशिरा दाखवतो, डोळ्यांवर विसंबून बटण दाबलं की ते ठोक्याच्या मागे पडतं. तरी जमेना तर स्विच हातात घेऊन त्याच्याच पडद्यावर खेळा. आणि नाचताना शांतेच्या पायांकडे बघत बसू नका, ठोका ऐका.

निशाचर

तुम्ही तिघेही एक गोष्ट टाळताय. या मालिकेतला सर्वांत नेटका गेम म्हणून बरेच जण ज्याचं नाव घेतात, त्या पायरेट्स कर्समध्ये (2014) रूपबदलच नाही. शांतेची जादू गेलेली असते आणि तिला चाच्यांच्या राणीची, रिस्की बूट्सची हत्यारं वापरावी लागतात. लांबचा खटका दाबायला पिस्तूल, तरंगत उतरायला टोपी, खालचे ठोकळे फोडायला तलवार, भरधाव धावायला बूट, आणि हवेत आणखी उड्या मारायला तोफ. पाचही वस्तू लगेच चालतात, कुठं थांबावं लागत नाही. शिवाय एकीला दुसरी जोडता येते: धावत सुटा, उडी, तोफेची उडी, शेवटी टोपी उघडून पलीकडे. नाचून रूप बदलायचं असतं तर ही जोडणी शक्यच नव्हती. माकडाच्या उडीत मध्येच हत्ती होता येत नाही!

पिक्सेलपंत

निशाचर, मलाही तो गेम मनापासून आवडतो. पण तिथं टोपी ही टोपीच आहे. जादू हरवलेली मुलगी शत्रूची अवजारं वापरते, म्हणून पद्धत आणि गोष्ट एकमेकींना धरून आहेत. सेव्हन सायरन्सनं तीच अवजारं घेतली आणि त्यांना प्राण्यांची कातडी चढवली. ऑक्टो म्हणजे तोफच, फक्त आठ पायांची. बॉंकर टॉर्टॉइज म्हणजे धडक, गॅस्ट्रो ड्रिल म्हणजे कुदळ. बेडूक पाण्यात पोहतो, तेवढ्यात तरी रूप जरा टिकतं.

उडीमार

आणि नाच गेला, हेही अर्धंच खरं आहे. सेव्हन सायरन्समध्ये नाच आहेत, फक्त काम वेगळं आहे. एकानं लपलेल्या गोष्टी दिसतात, एकानं सुकलेल्याला जीव येतो, एक वीज सोडतो, एक जमीन हादरवतो. आणि त्यांना जादूची शक्ती खर्च होते. म्हणजे पंत मागतात ती किंमत तिथं आहे, मोजता येईल अशी पट्टीवर दिसते! सतत लागणारी हालचाल फुकट, अधूनमधून लागणारी जादू विकत. ही वाटणी मला अगदी योग्य वाटते.

सावळी

याच मालिकेतला हाफ-जीनी हिरो (2016) कुणीच काढला नाही, आणि गोंधळ सगळा तिथं आहे. नाच सुरू केला की रूपांची यादी समोर येते, त्यातून निवडायचं. ताल नाही, थांबणं कमी, चांगली तडजोड. पण रूपं इतकी वाढवली की एकमेकांच्या पायात येतात. खेकडा पाण्याच्या तळाशी चालतो, पण नंतर जलपरी मिळाली की खेकड्याकडे कोण वळणार? उंदीर चिंचोळ्या भोकांतून जातो, तेवढंच त्याचं काम. त्यात गेम टप्प्याटप्प्यांचा, त्यामुळे नवं रूप मिळालं की जुना टप्पा पहिल्यापासून परत खेळा.

रूपं चार-पाच हवीत आणि प्रत्येकाला पूर्ण गेमभर काम हवं. मग ते नाचून मिळो की बटणानं.

काडतूसवाला

सावळी, हे शंभर टक्के. 2002 मध्ये मुख्य रूपं चारच होती आणि हार्पी मिळेपर्यंत माकडाची गरज संपत नव्हती.

दगडी_गार्गॉइल

शांतेच्या बाहेरची दोन उदाहरणं देतो, कारण इथं वेळ आणि किंमत एकच धरली जातेय.

पहिलं प्रायमल नावाचा गेम, 2003, प्लेस्टेशन 2. नायिका जेन, तिला चार राक्षसी रूपं मिळतात. बदल झटपट होतो, पण रूप शक्तीवर टिकतं. शक्ती संपली की ती परत साधी माणूस. मग स्क्री नावाच्या तिच्या सोबत्यानं मेलेल्या शत्रूंकडून शक्ती गोळा करायची आणि जेननं ती त्याच्याकडून घ्यायची. म्हणजे लढाईआधी स्क्री भरलेला आहे का ते बघावं लागतं. ताल नाही, थांबणं नाही, तरी रूप फुकट नाही.

दुसरं वंडर बॉय: द ड्रॅगन्स ट्रॅप. मूळ 1989 चा, 2017 च्या नव्या आवृत्तीत वंडर गर्लही घेता येते. तिथं प्रत्येक रूपाला खोट आहे. सरडा आग ओकतो पण ढाल धरू शकत नाही. उंदीर चौकटीच्या ठोकळ्यांना चिकटून छतावरही चालतो, पण त्याची तलवार पोचते जेमतेम. ससाणा उडतो, पण पाण्यात पडला की जखमी होतो. पाणी दिसलं की ससाण्याचा खेळाडू वेगळा रस्ता शोधतो. पंत, तुम्ही जो निर्णय शोधताय तो इथं आहे, आणि त्याला नाच लागला नाही.

पिक्सेलपंत

गार्गॉइल, हा मुद्दा मी घेतो. न्यूटला पाणी सोसत नाही, ऑक्टो झाल्यावर काही क्षण मारता येत नाही, असं काही सेव्हन सायरन्समध्ये असतं तर माझी निम्मी तक्रार मिटली असती. पण उरलेली निम्मी राहतेच. या नायिकेची जादू नाचात आहे, हे खेळाडूच्या बोटांना कळलं पाहिजे. पडद्यावर दिसून भागत नाही.

उडीमार

मग दोन ठोक्यांचा नाच ठेवा. पळतापळता दाबता येईल असा, एक ठोका रूप निवडायला, एक पक्कं करायला. तालावर बसला तर बदल लगेच, चुकला तर नेहमीच्या वेगानं. ज्याला ताल जमत नाही त्याचं अडणार नाही, आणि काडतूसवाल्यांना त्यांचं कौशल्य मिळेल.

काडतूसवाला

चुकल्यावरही रूप मिळणार असेल तर ताल शिकेल कोण? चुकला की बदल नाही, असंच हवं. दोन ठोके चालतील.